मॅग्नेशियमच्या सेलला चौदा महिने द्या

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात विजेवरची वाहने आता नवलाईची राहिलेली नाहीत. पीएमपीच्या ताफ्यात 2019 पासून ई-बस आहेत. चाकण-आकुर्डीकडून विजेवरच्या दुचाक्या आणि तीनचाकी बाहेर पडतात, आणि कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआयमध्ये वाहनांच्या चाचण्या होतात. या वाहनांच्या पोटातला सेल, म्हणजे बॅटरीचा मूळ घटक, मात्र बहुतेक वेळा बाहेरून येतो, मुख्यतः चीनमधून. आपण सेल आणतो, ओळीने जोडतो, त्यावर नियंत्रणाचे सर्किट बसवतो, पेटी बंद करतो आणि गाडीला लावतो. हे काम सोपे नाही. त्यात आपल्या इंजिनिअरांनी चांगले नाव कमावले आहे. तरीही सेलच्या आत काय घडते, तो किती वर्षे टिकतो आणि उद्या तो मिळेल की नाही, यावर आपला ताबा नाही.

म्हणूनच सार्वजनिक तिजोरीतून बॅटरी-संशोधनाला जाणारा पैसा कुठे जावा, हा प्रश्न पुण्यासाठी कागदावरचा नाही. इथल्या उद्योगजगतात एक मत ठाम आहे: तीन-चार वर्षांत बाजारात उतरेल त्यालाच पैसा द्या. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी आहे, सोडियम-आयनची आहे, बाकीचे प्रयोग श्रीमंत देशांना करू द्या. मला या मतातला मोठा भाग मान्य आहे. बहुतांश पैसा तिकडेच जावा. पण एक ठरलेला, कुणी हात न लावायचा वाटा लांब पल्ल्याच्या रसायनांसाठी राखून ठेवला पाहिजे, आणि तो त्या रसायनाला लागणाऱ्या वेळेच्या हिशेबाने दिला पाहिजे. मॅग्नेशियमच्या पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीसाठी द्रव धातूच्या मिश्रणाचा ॲनोड, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक, वापरण्याचे जे काम जगात चालले आहे, ते याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात मोठी आशा आहे, आणि घाईने तिची कशी माती होते तेही त्यातच दिसते.

मॅग्नेशियम आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. शाळेत बाईंनी चिमट्यात धरून जाळलेली ती फीत, डोळे दिपवणारा पांढरा उजेड आणि खाली पडलेली पांढरी राख आठवा. पृथ्वीच्या कवचात हा धातू सुमारे दोन टक्के आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात तो सव्वा ग्रॅमहून जास्त असतो, तर लिथियम एका मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याएवढेही नसते. पुण्याच्या टेकड्यांच्या काळ्या खडकातसुद्धा मॅग्नेशियम आहे, अर्थात तिथून ते काढणे परवडणारे नाही. लिथियमचा आयन एक विद्युतभार वाहून नेतो, मॅग्नेशियमचा दोन. त्यामुळे शुद्ध मॅग्नेशियम धातूच्या एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे 3,830 मिलिॲम्पिअर-तास साठू शकतात. लिथियम धातूत ही संख्या 2,060 च्या आसपास आहे. चार्जिंगच्या वेळी लिथियमवर जसे काटे वाढतात आणि आतल्या आत शॉर्ट होते, तसे मॅग्नेशियमवर सहजासहजी होत नाही. पूर्णपणे होतच नाही असे म्हणणे बरोबर ठरणार नाही, पण प्रवृत्ती कमी आहे.

मग पंचवीस वर्षांत ही बॅटरी आली का नाही? इस्रायलमधल्या बार-इलान विद्यापीठाच्या डोरॉन ऑरबाख यांच्या गटाने 2000 साली पहिला चालणारा नमुना दाखवला. तो शेकडो वेळा चार्ज झाला, आणि त्याचा व्होल्टेज मात्र सव्वा व्होल्टच्या आतबाहेर राहिला. अडचण मॅग्नेशियमच्या कातडीत आहे. बॅटरीतल्या नेहमीच्या द्रावणांचा स्पर्श झाला की या धातूवर एक पातळ थर चढतो. लिथियमवरही थर चढतो, पण त्यातून लिथियमचे आयन ये-जा करू शकतात. किंबहुना त्या थरामुळेच आपले मोबाइल चालतात. मॅग्नेशियमवरचा थर मात्र मॅग्नेशियमच्याच आयनांना अडवतो आणि बॅटरी ठप्प होते. त्यावर उपाय म्हणून खास इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलच्या आत आयन वाहून नेणारी द्रावणे, शोधले गेले. त्यांतले सुरुवातीचे प्रसिद्ध प्रकार ग्रिन्यार अभिक्रियाकारकांच्या, म्हणजे मॅग्नेशियम असलेल्या सेंद्रिय संयुगांच्या, घराण्यातले होते. ते धातूला स्वच्छ ठेवतात, पण सेलच्या आतले इतर भाग कुरतडतात आणि व्होल्टेज थोडा वाढला की स्वतःच तुटतात. त्यामुळे समोरच्या बाजूला, म्हणजे कॅथोडला, जास्त व्होल्टेजचा पदार्थ ठेवता येत नाही. एका बाजूची अडचण सोडवायला गेले की दुसरी बाजू अडते.

या कोंडीतून बाहेर पडायचा एक मार्ग असा: उघडे मॅग्नेशियम ठेवायचेच नाही. चार्जिंगच्या वेळी ते दुसऱ्या धातूत मुरवायचे आणि वापरताना बाहेर काढायचे. टोयोटाच्या अमेरिकेतल्या संशोधन केंद्राने 2012-13 च्या सुमारास बिस्मथ, अँटिमनी आणि कथील यांवर असे काम प्रसिद्ध केले. बिस्मथची क्षमता ग्रॅममागे 385 मिलिॲम्पिअर-तास, म्हणजे आजच्या लिथियम बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या (372) बरोबरीची. बिस्मथ जड असल्याने जागेच्या हिशेबात ग्रॅफाइटच्या दुपटीहून पुढे. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे अशा ॲनोडबरोबर साधे इलेक्ट्रोलाइट चालू शकतात, म्हणजे कॅथोडची निवडही मोकळी होते. या विषयावरच्या बातम्यांत ही गोष्ट बहुधा सुटते. मॅग्नेशियमच्या बॅटरीचा खरा अवघड भाग आजही कॅथोड आहे, कारण दोन भारांचा आयन घन पदार्थातून फार सावकाश सरकतो. तरी ॲनोडवर काम का करायचे, असे कोणी विचारले तर उत्तर हे आहे. मिश्रधातूचा ॲनोड कॅथोडवाल्यांच्या हाताला बांधलेली दोरी सोडतो.

घन मिश्रधातूला मात्र स्वतःचा रोग आहे. मॅग्नेशियम आत शिरले की बिस्मथ जवळपास दुप्पट फुगतो, कथील त्याहूनही जास्त. बाहेर पडले की आकसतो. दर चार्जिंगला हे घडते. भेगा पडतात, कण सुटे होतात, विजेचा संपर्क तुटतो आणि काही फेऱ्यांत ॲनोडचा भुगा होतो. इथे द्रव धातू येतो. गॅलियम 29.8 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये टेबलावर ठेवलेला गॅलियमचा खडा दुपारपर्यंत पाऱ्यासारखा चकाकत पसरतो. त्यात मॅग्नेशियम मुरले की घन संयुग बनते, आणि मॅग्नेशियम निघून गेले की गॅलियम पुन्हा द्रव होते. त्या फेरीत पडलेली प्रत्येक भेग वितळण्यात बुजून जाते. 2019 मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने हेच करून दाखवले. 40 अंश तापमानाला, मिनिटांच्या हिशेबाने होणाऱ्या वेगवान चार्जिंगमध्ये, असा ॲनोड हजाराहून अधिक फेऱ्या टिकला. घन मिश्रधातूंच्या इतिहासाकडे पाहता ही फार मोठी झेप होती.

द्रव धातू पृष्ठभागावर कसा वागतो हे समजून घ्यायला आपल्याला परदेशी जायला नको. तांबट आळीत ज्यांनी कल्हई करताना पाहिली आहे त्यांना आठवेल: भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठतो, आणि त्यानंतरच कथील लावून कापसाने फिरवले की ते चांदीसारखे सपाट पसरते. नवसागर आधी टाकला नाही तर तेच कथील थेंब-थेंब होऊन घरंगळते, कारण तांब्यावरचा ऑक्साइडचा थर त्याला धरू देत नाही. गॅलियमच्या ॲनोडचे निम्मे शास्त्र या जागी अडलेले आहे. गॅलियमवर हवेत क्षणात ऑक्साइडची साय धरते. ते कोणत्या आधारावर पसरेल, कुठे गोळा होईल, हजार फेऱ्यांनंतर ते जागेवर राहील की एका कोपऱ्यात साचेल, हे सगळे त्या पृष्ठभागाच्या स्वच्छतेवर ठरते. हे ज्ञान हाताने मिळते, चुकतमाकत मिळते आणि वेळ घेते.

इथे एक खुलासा करतो, कारण ‘द्रव धातूची बॅटरी’ म्हटले की अनेकांना दुसरीच गोष्ट आठवते. अमेरिकेतल्या एमआयटीत डोनाल्ड सॅडोवे यांच्या गटाने 2012 मध्ये मॅग्नेशियम आणि अँटिमनी दोन्ही वितळवून, सुमारे 700 अंशांना चालणारी, वीजकेंद्रांसाठीची बॅटरी मांडली होती. तो भट्टीचा मार्ग आहे. मी बोलतो आहे तो हवेच्या तापमानाजवळचा.

आता अडचणी, त्याही पूर्ण ताकदीने मांडल्या पाहिजेत. पेन्सिल्व्हेनियाचा प्रयोग 40 अंशांचा होता. पुण्याच्या पाषाणला डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा शुद्ध गॅलियमचा ॲनोड द्रव राहीलच याची खात्री नाही. इंडियम मिसळले तर वितळणबिंदू पंधरा अंशांच्या आसपास येतो, कथील मिसळले तर विशीच्या आसपास, पण इंडियमही दुर्मीळच. गॅलियम ॲल्युमिनियमला आतून पोखरते, त्यामुळे ॲल्युमिनियमची पत्री त्याच्या जवळपासही नको. वापरात असलेले बरेचसे इलेक्ट्रोलाइट ईथर वर्गातले आहेत आणि ईथर पेट घेतो. मार्च 2022 मध्ये लोहगावात उभ्या स्कूटरला लागलेल्या आगीची चित्रफीत पाहिलेल्या माणसाला मॅग्नेशियम बॅटरी पेटतच नाही असे सांगणे ही फसवणूक होईल.

सगळ्यांत टोकदार आक्षेप निराळा आहे. जगातले जवळपास सगळे प्राथमिक (म्हणजे भंगारातून परत न मिळवलेले) गॅलियम चीनमध्ये तयार होते, आणि ऑगस्ट 2023 पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. मॅग्नेशियम धातूचाही मोठा हिस्सा तिथलाच, तोही डोलोमाइट आणि फेरोसिलिकन भट्टीत तापवून, भरपूर कोळसा जाळून काढलेला. 2021 च्या शरद ऋतूत चीनमधल्या कारखान्यांची वीज कापली गेली तेव्हा युरोपातल्या ॲल्युमिनियम आणि मोटार उद्योगाची तारांबळ उडाली होती. मग लिथियमच्या जागी गॅलियम आणून आपण काय मिळवणार? एक दावण सोडून दुसऱ्या दावणीला बांधून घेणेच ना?

हा आक्षेप खरा आहे, आणि माझ्या मते त्याचे उत्तर संशोधनाच्या आराखड्यातच लिहिले गेले पाहिजे. गॅलियमची स्वतंत्र खाण नसते. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना उरणाऱ्या कॉस्टिकच्या द्रावणात ते थोडे थोडे साचते. भारतात उत्तर प्रदेशातल्या रेणुकूट आणि ओडिशातल्या दामनजोडी इथल्या कारखान्यांत पूर्वी ते काढले गेले आहे. म्हणजे वाट माहीत आहे, फक्त तिच्यावर गवत उगवले आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही बॉक्साइट आहे. मॅग्नेशियमचेही तसेच. उरण-पेणच्या मिठागरांत मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरते त्यात मॅग्नेशियम क्लोराइड भरपूर असते. केंद्र सरकारने 2023 मध्ये 30 महत्त्वाच्या खनिजांची यादी जाहीर केली. तीत गॅलियम आहे, बिस्मथ आहे, कथील आणि अँटिमनीही आहेत. मॅग्नेशियम नाही. ते मुबलक आहे म्हणून वगळले असेल तर तर्क समजतो, पण खडकात मुबलक असणे आणि कारखान्याच्या दारात धातू म्हणून मिळणे यात मोठे अंतर आहे. 2021 ने ते दाखवून दिले. जो प्रस्ताव ॲनोडसाठी पैसे मागतो, त्याने धातू कुठून येणार याचे एक प्रकरण जोडलेच पाहिजे, आणि देणाऱ्याने त्या प्रकरणालाही निधी दिला पाहिजे.

आता वेळेबद्दल. माझा सगळा आग्रह इथे येऊन ठेपतो.

प्रयोगशाळेतला सेल म्हणजे वजनकाट्यात किंवा गाडीच्या किल्लीत असतो तसला, वीस मिलिमीटर व्यासाचा नाण्याएवढा डबा. तो आर्गॉन भरलेल्या काचेच्या पेटीत, रबरी हातमोज्यांत हात घालून, एकेक चकती चिमट्याने ठेवत बांधायचा. मग तो चाचणीच्या यंत्रावर चढतो. 20 मिनिटांत चार्ज आणि 20 मिनिटांत रिकामा अशा वेगाने हजार फेऱ्या करायच्या तर 28 दिवस पुरतात. पण घराच्या गच्चीवरची किंवा वीज उपकेंद्राजवळची बॅटरी अशी वापरली जात नाही. पाच तास चार्ज आणि पाच तास वापर धरला तर हजार फेऱ्यांना दहा हजार तास लागतात, म्हणजे जवळपास चौदा महिने. आणि सावकाश चाचणीतच खरे दुखणे बाहेर येते, कारण नको असलेल्या अभिक्रियांना तेव्हाच पुरेसा अवधी मिळतो. 28 दिवसांच्या आलेखावर शोधनिबंध लिहिता येतो, पण त्याच्या भरवशावर वसाहतीच्या तळघरात बॅटरी ठेवता येत नाही.

माझ्या मित्राची मुलगी याच्या जवळच्याच विषयात पीएच.डी. करते. मी तिला एकदा विचारले, सेल बंद पडला की किती वाईट वाटते? ती म्हणाली, “काका, मेला तर कळतं तरी. अर्धवट जगतो ना, तेव्हा खरा त्रास. क्षमता थोडी थोडी घसरत राहते आणि कारण सापडत नाही. त्यात एखाद्या गुरुवारी वीज गेली, यूपीएस बसला, की सहा महिन्यांचा आलेख तुटतो. पुन्हा पहिल्यापासून.” तिची शिष्यवृत्ती मधल्या काळात कित्येक महिने अडकली होती. कनिष्ठ संशोधक विद्यार्थ्याला आज महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडे मंजूर आहे. रक्कम मंजूर असणे वेगळे आणि ती महिन्याच्या महिन्याला हातात पडणे वेगळे. औंध-बाणेरमध्ये भाड्याने राहणाऱ्या मुलीला घरमालक थांबत नाही.

संशोधन प्रकल्प साधारणपणे तीन वर्षांचे असतात. त्यातले पहिले वर्ष खरेदीच्या निविदा, आर्गॉनची पेटी येणे आणि माणूस नेमणे यात सहज जाते. उरलेल्या दोन वर्षांत चौदा महिन्यांची चाचणी एकदाच बसते, आणि ती फसली तर दुसरी बसत नाही. मग तरुण संशोधकाने काय करावे? तो वेगवान चाचणी करतो, चकतीवर अगदी पातळ थर देतो, आकडा सुंदर येतो आणि बातमी छापून येते. यात त्याची अप्रामाणिकता नाही. आपण आखलेल्या मुदतीने त्याला तिकडे ढकललेले असते. देशात राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत 50,000 कोटींचा आराखडा मांडला गेला, 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक लाख कोटींच्या संशोधन निधीला मंजुरी दिली. या मोठ्या निधीचा रोख मात्र बऱ्यापैकी तयार झालेल्या तंत्रज्ञानाकडे आहे. नाण्याच्या सेलमध्ये अडकलेले रसायन त्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतच नाही. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल उत्पन्नाच्या 0.64 टक्के आहे, त्यातून अशा कामाच्या वाट्याला काय येत असेल याची कल्पना करता येईल. युरोपीय संघाने 2019 मध्ये फक्त मॅग्नेशियम बॅटरीसाठी ‘ई-मॅजिक’ नावाचा प्रकल्प सुरू केला आणि त्याला 60 लाख युरोंहून अधिक दिले. त्यांनाही उद्या बॅटरी विकायची नव्हती.

लिथियम आता स्वस्त झाले आहे, मग हा खटाटोप कशाला, असेही म्हटले जाते. 2022 च्या अखेरीस शिखरावर गेलेला लिथियम कार्बोनेटचा भाव पुढच्या दीड-दोन वर्षांत कोसळला, हे खरे. पण लिथियम बॅटरी स्वतः कशी आली ते पाहा. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांचे मूळ काम 1970 च्या दशकातले. कॅनडातल्या एका कंपनीच्या लिथियम धातूच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या म्हणून 1989 मध्ये बाजारातून परत घ्याव्या लागल्या. सोनीची लिथियम-आयन बॅटरी 1991 ची. मधली सगळी वर्षे ‘उपयोग काय’ याच प्रश्नाची होती, आणि त्या वर्षांच्या पायावरच आज सेल विकले जातात. पुण्याकडे अगदी जवळचा दाखलाही आहे. डिसेंबर 2023 मध्ये केपीआयटी या इथल्या कंपनीने आयसर या विज्ञान संस्थेच्या साथीने विकसित केलेली सोडियम-आयन बॅटरी जाहीर केली. विद्यापीठातले मूलभूत रसायन आणि कंपनीचा चिवटपणा एकत्र आला तर इथे ते होऊ शकते. मॅग्नेशियमला सोडियमच्या जागी बसवा असे मी म्हणत नाही. दुचाकीत पुढची अनेक वर्षे लिथियम आणि सोडियमच राहणार.

पुण्यात पाषाणच्या एकाच रस्त्याच्या आसपास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर काम करणारी सी-मेट आहेत, थोड्या अंतरावर विद्यापीठ, अभियांत्रिकीचे सीओईपी आणि एआरएआय. इतकी माणसे इतक्या जवळ क्वचितच असतात. इथे राज्य सरकारने आणि उद्योगांनी मिळून सावकाश चाचणीचे एक सामायिक केंद्र उभारावे. अखंड वीज, नियंत्रित तापमान, दहा अंशांपासून पंचेचाळीस अंशांपर्यंत, आणि शेकडो सेल एकाच वेळी चौदा महिने, अठरा महिने चालू राहतील इतकी यंत्रे. बारामतीच्या कॉलेजातून किंवा भोसरीच्या छोट्या कारखान्यातून कोणीही आपला सेल घेऊन यावे. लांब पल्ल्याच्या प्रकल्पांची मुदत सहा वर्षांची असावी, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कठोर तपासणी असावी, आणि तिथे ‘निबंध किती’ याऐवजी चकतीच्या एका चौरस सेंटिमीटरवर किती पदार्थ होता, कोणत्या तापमानाला, कोणत्या इलेक्ट्रोलाइटमध्ये आणि समोर कोणता कॅथोड होता हे विचारले जावे. तपासणीत न टिकणारा प्रकल्प बंद करावा आणि पैसा दुसऱ्याला द्यावा. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती मात्र प्रकल्पाच्या हप्त्यापासून तोडून, पगारासारखी एक तारखेला जमा व्हावी.

आणि या केंद्रात सार्वजनिक पैशातून तपासल्या गेलेल्या प्रत्येक सेलची नोंद, बंद पडलेल्या सेलसह, वर्षभरात सगळ्यांसाठी खुली करावी. गॅलियमचा थेंब कोणत्या पत्रीवर पसरला आणि कोणत्या पत्रीवरून घरंगळला, हे पाषाणच्या एका विद्यार्थिनीला कळले असेल तर तोच प्रयोग सोलापूरच्या मुलाला नव्याने करून वर्ष घालवावे लागू नये.